परवाना एकाचा, बंदूक साऱ्या घराची

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
ठाणे शहर

विषय : घरात ठेवलेली परवान्याची शस्त्रे, त्यांचे कुलूप आणि घरातली मुले

महोदय,



मी कोनची. कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागले की पहिले येते ते आमचे गाव. मी शाळेत शिकवते आणि मला मुले आहेत. आपल्याकडे एक मागणे घेऊन आले आहे, ते आधीच सांगते. ज्या घरात परवान्याचे शस्त्र आहे आणि मूलही आहे, तिथे ते शस्त्र रिकामे, कुलपात आणि काडतुसांपासून वेगळे ठेवले जाते का, हे पोलिसांनी स्वतः जाऊन पाहावे. परवाना देताना पाहावे आणि नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा पाहावे. नुसत्या लेखी हमीवर भागवू नये.

भिवंडी तालुक्यातला पडघा, गणेशपुरीकडचा भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे आहे. आमचे कोनगाव पोलीस ठाणे मात्र आपल्या आयुक्तालयात येते आणि आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्रपरवाना देण्याचा अधिकार आपला आहे. म्हणून हे पत्र आपल्याला. ते जाहीरपणे लिहिते आहे, कारण ज्यांच्या कपाटात बंदूक आहे त्यांनीही ते वाचावे अशी इच्छा आहे.

आमच्या भागात शस्त्र का आले, हे आपल्याला मी सांगायला नको. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, दापोडे इथल्या भातशेतीच्या जागी गोदामे उभी राहिली. जमिनीला भाव आला. पाठोपाठ बांधकाम, वाहतूक, ठेकेदारी आली आणि त्यांच्यामागून हेवेदावे, धमक्या, जागेचे तंटे आले. १४ फेब्रुवारी २०१७ रोजी काँग्रेसचे नगरसेवक मनोज म्हात्रे यांची भिवंडीत हत्या झाली. असे काही घडले की ज्याच्यामागे चार वैरी आहेत त्याला कमरेला पिस्तूल असावे असे वाटते. त्या भीतीला मी खोटी म्हणणार नाही. परवाना कोणाला द्यायचा, कोणाला नाकारायचा, हा निर्णय आपला. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. रात्री तो माणूस घरी येतो, कमरेचे पिस्तूल काढतो, हातपाय धुतो, जेवायला बसतो. त्या वेळी ते पिस्तूल कुठे असते?

परवाना एका माणसाच्या नावाने निघतो. त्याचे वय, चारित्र्य, प्रकृती, त्याच्यावरचे गुन्हे, सगळे तपासले जाते. पण बंदूक येते ती साऱ्या घरात. त्या घरात बायको असते, म्हातारी आई असते, दहावीतला मुलगा असतो, पहिलीतली मुलगी असते, सुट्टीत आलेली भाचरे असतात, कामाला येणारी बाई आणि तिच्यासोबतचे लेकरू असते. यांतल्या कोणाचीही छाननी झालेली नसते. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणाला बंदूक बाळगता येत नाही. सूट आहे ती नेमबाजीच्या प्रशिक्षणापुरती. कायद्याने एकविसाची अट घातली आणि घरात मात्र ती वस्तू सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला लागेल अशी पडून राहते. कायद्याचा हेतू आणि घराची रीत यांच्यातली ही फट आपल्या खात्याला बुजवता येण्यासारखी आहे.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा होते. कोयता, विळा, कुऱ्हाड, सुताराची हत्यारे, गाडीच्या चाव्या, जे ज्याच्या पोटापाण्याचे ते पाटावर मांडतात. मी गेले होते त्या एका घरी पाटाच्या मधोमध रिव्हॉल्व्हर होते. त्याला हळदकुंकू लावलेले, नळीवर झेंडूचे फूल. भोवती घरातली आणि शेजारची पोरे. आजी म्हणत होती, "हात नका लावू रे," आणि पोरे एकेक बोट लावून बघत होती. पूजा आटोपल्यावर घरधन्याने रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळले, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात साड्यांच्या थप्पीमागे सरकवले, कपाट लावले आणि चावी कपाटावरच्या पितळी डब्यात टाकली. पहिलीत जाणारा त्यांचा मुलगा दाराच्या चौकटीला टेकून हे सगळे पाहत होता. ती माणसे चांगली आहेत, पोरांवर जीव टाकणारी आहेत. आपल्या घरात काही चुकते आहे असे त्यांतल्या कोणालाही वाटले नाही, कारण कपाटाला कुलूप होते. पण त्या कुलपाची चावी कुठे असते हे त्या मुलाला वडिलांइतकेच ठाऊक होते.

"आम्ही पोरांना नीट समजावून ठेवले आहे." या विषयावर बोलायला गेले की आईबापांचे हेच उत्तर येते. समजावणे हवेच, पण त्यावर विसंबता येत नाही. अमेरिकेत अटलांटा येथे डॉक्टरांनी केलेला एक अभ्यास २००१ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात आला. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलग्यांना लहान गटांत एका खोलीत थोडा वेळ सोडले. खोलीतल्या खणांत पाण्याची खेळण्यातली पिस्तुले होती आणि एका खणात खरे पिस्तूल होते, गोळी नसलेले. ४८ मुलांना ते सापडले. त्यांतल्या ३० जणांनी ते हाताळले आणि १६ जणांनी चाप ओढला. सापडलेली वस्तू खरी आहे की खेळणे, हे जवळजवळ निम्म्या मुलांना नक्की सांगता आले नाही. आणि ज्यांनी ती हाताळली त्यांतल्या बहुतेकांना बंदुकीपासून सावध राहण्याचे धडे आधीच मिळालेले होते.

आमच्या वर्गातल्या मुलांना हे लागू होत नाही असे समजायला काहीच आधार नाही. त्यांच्या हातात दर दिवाळीला टिकल्यांचे पिस्तूल असते. धरायचे कसे, रोखायचे कसे, बोट कुठे ठेवायचे, हा सराव त्यांना चौथ्या-पाचव्या वर्षापासून आहे. हातात ताकद नसते म्हणावे तर तेही खरे नाही. १९९५ च्या एका अमेरिकी अभ्यासात मुलांच्या बोटांची ताकद मोजली होती. तीन-चार वर्षांच्या चार मुलांमागे एकाला आणि सात-आठ वर्षांच्या दहांपैकी नऊ मुलांना दोन बोटांनी हातातल्या बंदुकीचा चाप ओढता येईल एवढी ताकद होती. लहान मुलाला एका बोटाने जमले नाही तर ते पिस्तूल उलटे धरून दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबते. तेव्हा नळी त्याच्या स्वतःच्या छातीकडे असते.

दुसरे उत्तर येते, "रिकामीच असते." इथेच मोठी माणसेही फसतात. रिव्हॉल्व्हरचे चक्र बाजूला काढले की गोळ्या डोळ्यांना दिसतात. पिस्तुलाचे तसे नाही. त्याचे मॅगझिन काढून घेतले तरी एक गोळी आत चेंबरमध्ये राहिलेली असू शकते. मॅगझिन हातात आले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे समजून किती तरी माणसे आणि मुले जगभरात मेली आहेत. वरचा सरकता भाग मागे ओढून, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपूनच ते रिकामे आहे असे म्हणता येते. घरातल्या मुलाला हे कसे कळणार?

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या डाव्या पायात घुसली. शस्त्र कपाटात ठेवताना हातातून पडले आणि गोळी सुटली, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर गोविंदा कसे आहेत याची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण भरलेले शस्त्र घरात कसे ठेवायचे यावरही त्या निमित्ताने बोलता आले असते. ते राहून गेले. स्वतःच्या शस्त्राची सवय असलेल्या प्रौढ माणसाच्या घरी हे घडते, तर त्याच कपाटाशी सात वर्षांचे मूल उभे असते तेव्हा काय होईल, याचा अंदाज करणे अवघड नाही.

अंदाजाचीही गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये पठाणकोटला पंधरा वर्षांच्या मुलाने वडिलांचे परवान्याचे रिव्हॉल्व्हर डोक्याशी धरून मोबाइलवर सेल्फी घेताना गोळी सुटली आणि तो गेला. जून २०१९ मध्ये आपल्या शिर्डीत हॉटेलच्या खोलीत गावठी कट्टा घेऊन टिकटॉकचा व्हिडिओ करताना गोळी सुटली आणि एक तरुण मुलगा जागीच मेला. जुलै २०२४ च्या शेवटच्या दिवशी बिहारमधल्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतला पाच वर्षांचा मुलगा दप्तरातून पिस्तूल घेऊन शाळेत आला आणि त्याने तिसरीतल्या मुलावर गोळी झाडली. ती हाताला लागली म्हणून तो मुलगा वाचला. ही बातमी वाचल्यापासून वर्गात दप्तरांची रांग पाहताना माझ्या मनात ती येते. आम्ही डबे तपासतो, वह्या तपासतो. पाच वर्षांच्या मुलाच्या दप्तरात पिस्तूल असेल असा विचार कोणती शिक्षिका करेल?

आणखी एका धोक्याबद्दल बोलले पाहिजे. घरात त्याचा उच्चार कोणी करत नाही. दहावी-बारावीची मुले, निकालाचे दिवस, घरातली बोलणी, मित्रमैत्रिणींमधले तुटणे. या वयात निराशेची लाट येते आणि बऱ्याचदा काही वेळात ओसरतेही. तेवढ्या वेळात हाताशी काय आहे, यावर सारे अवलंबून असते. बंदूक हाताशी असेल तर मागे फिरायला, कोणी अडवायला, दवाखान्यात न्यायला वेळच उरत नाही. कुलूप तो वेळ मिळवून देते. ज्या घरात मूल गप्प गप्प झाले आहे, जेवत नाही, झोपत नाही, तिथून काही दिवस शस्त्र बाहेर ठेवणेच शहाणपणाचे. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ते जपून ठेवायला देता येते. आणि मुलासाठी, आईबापांसाठीही, सरकारची 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आहे. शस्त्रपरवान्यासोबत हा क्रमांक छापून द्यावा इतका त्याचा या विषयाशी जवळचा संबंध आहे.

आता कुलपाकडे येते, कारण हा उपाय सोपा असूनही आपल्याकडे फारसा कोणी पाहिलेला नाही. केबल लॉक म्हणजे प्लास्टिकचे आवरण असलेली पोलादी तार आणि तिच्या टोकाला लहान कुलूप. पिस्तुलाचे मॅगझिन काढायचे, चेंबर रिकामे आहे याची खात्री करायची आणि सरकता भाग मागे ठेवून तार वरच्या खिडकीतून घालून मॅगझिनच्या पोकळीतून खाली काढायची. कुलूप लागले की सरकता भाग मिटतच नाही, गोळी आत जाऊच शकत नाही. रिव्हॉल्व्हरला तीच तार चक्र उघडून अशी घालतात की चक्र पुन्हा बसत नाही. बारा बोअरची दुनळी मोडून उघडायची आणि तार नळीतून घ्यायची. दुसरा प्रकार ट्रिगर लॉकचा. तो चापाभोवती दोन्ही बाजूंनी बसतो, पण भरलेल्या शस्त्राला तो कधीही लावू नये, कारण लावताना चापाला धक्का बसू शकतो. तिसरा प्रकार भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की केलेली लहान पोलादी पेटी. सायकलला साखळी लावणाऱ्या कोणालाही यातले काही अवघड नाही.

अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार सवयी तपासल्या होत्या. शस्त्र कुलपात ठेवणे, शस्त्र रिकामे ठेवणे, काडतुसे कुलपात ठेवणे आणि काडतुसे शस्त्रापासून वेगळ्या जागी ठेवणे. मुलांच्या हातून झालेले अपघात आणि मुलांनी स्वतःला करून घेतलेली इजा ज्या घरांत घडली, त्यांची तुलना इतर बंदूकधारी घरांशी केली, तेव्हा या चारही सवयी वेगवेगळ्याही संरक्षण देतात असे दिसले. ज्याला चारही जमत नाहीत त्याने निदान दोन तरी आजपासून पाळाव्यात. त्याचाही उपयोग आहे.

कुलपाइतकाच प्रश्न चावीचा आहे. ३ मे २०२३ रोजी सर्बियाची राजधानी बेलग्रेड येथे तेरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या शाळेत गोळीबार केला. मुले आणि शाळेचा पहारेकरी मिळून दहा जण गेले. शस्त्रे वडिलांची, परवान्याची आणि तिजोरीत ठेवलेली होती. तिजोरीचा आकडा मुलाला ठाऊक होता, असे तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितले. अमेरिकेत मिशिगन राज्यात ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेतल्या चार मुलांना मारले. घरी पिस्तुलासोबत आलेले केबल लॉक पुडक्यातून बाहेरही काढले नव्हते, असे खटल्यात पुढे आले. एप्रिल २०२४ मध्ये त्या मुलाच्या आईला आणि वडिलांना प्रत्येकी दहा ते पंधरा वर्षांचा तुरुंगवास झाला. ही शिक्षा योग्य की अयोग्य यावर मतभेद असतील. पण गेलेली चार मुले त्या शिक्षेने परत आली नाहीत आणि आपल्याकडेही अनर्थ झाल्यावर निष्काळजीपणाची कलमे लावून कोणाचे मूल परत येणार नाही. पोलिसांनी आधी जायला हवे ते यासाठी.

आपल्या नियमांत यासाठी जागा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे आणि ठेवण्याचे प्रशिक्षण घ्यायला सांगितले आहे आणि शस्त्र जपून ठेवण्याची हमीही मागितली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, हर्षाच्या भरात गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा ठरवल्या आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. शेवटचा बदल मला काळजीत टाकतो. परवाना घेताना ज्याच्या घरी मूल नव्हते, त्याच्या घरी नूतनीकरणापर्यंत चार वर्षांचे मूल धावत असते. कागद तोच असतो, घर बदललेले असते. ब्रिटनमध्ये परवाना देण्याआधी पोलीस घरी जातात, शस्त्राचे कपाट कसे बसवले आहे ते पाहतात आणि त्याची किल्ली परवानाधारकाखेरीज कोणाच्या हाती लागू नये अशी अपेक्षा ठेवतात. आपल्याकडेही परवान्याच्या चौकशीसाठी हवालदार घरी येतोच. शेजाऱ्यांना विचारतो, जबाब घेतो. त्याच फेरीत त्याने एक कपाट उघडून पाहायचे आहे.

आमच्या भागात आणखी एका वर्गाचा विचार करावा लागेल. गोदामे आणि रोकड नेणाऱ्या गाड्या यांच्या पहाऱ्यावर बारा बोअर घेऊन उभे राहणारे बरेच जण परराज्यांतून आलेले आहेत. ते आमच्या चाळींत, एका खोलीत चौघे-पाचजण, किंवा बायकामुलांसह राहतात. त्या खोलीत वेगळे कपाट नसते. पाळी संपल्यावर बंदूक खाटेखाली किंवा दाराआड राहते आणि दार दिवसभर उघडे असते. यात त्या माणसाचा दोष कमी आहे. त्याला कामावर ठेवणाऱ्याने पाळी संपताच बंदूक कामाच्या जागीच कुलूपबंद ठेवायची सोय करायला हवी. ही सोयही केवळ नावाची असून चालत नाही. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर ज्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या गेल्या, ते मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे, उत्तर प्रदेशात परवाना घेतलेले होते. एकाच्या नावाचे शस्त्र दुसऱ्याच्या हाती किती सहज जाते, हे तिथे दिसले. प्रौढ माणसाच्या हाती ते जाऊ शकते, तर लहान मुलाच्या हातीही जाऊ शकते.

महोदय, यावर एक हरकत घेतली जाते आणि ती मी हलकी मानत नाही. "दारात मारेकरी आला तर मी कुलूप उघडत बसू का?" ज्याला खरा धोका आहे त्याने शस्त्र अंगावर बाळगावे. तोवर ते त्याच्या ताब्यात असते. अंगावरून उतरले की मात्र ते कुलपात गेले पाहिजे. बोटाच्या ठशाने किंवा चार आकड्यांनी लगेच उघडणाऱ्या लहान पेट्या मिळतात, त्या पलंगाशेजारी पक्क्या बसवता येतात. उशीखाली ठेवलेले भरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या आधी घरातल्याच कोणाच्या तरी हाती लागते, कारण मारेकरी एखाद्या दिवशी येईल किंवा कधीच येणार नाही, मूल मात्र त्या पलंगावर रोज उड्या मारते.

आपल्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली, नवा परवाना देताना आणि नूतनीकरण करताना शस्त्राची घरातली जागा, कुलूप आणि काडतुसांची वेगळी जागा प्रत्यक्ष पाहून अहवालात नोंदवावी. घरात अठरा वर्षांखालील मुले किती, हाही रकाना त्यात असावा.

दुसरी, निवडणुकीच्या काळात छाननी करून शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभेच्या वेळी ते काम झाले. शस्त्र परत करण्याची वेळ ही शिकवण्याची उत्तम संधी आहे. परत देताना प्रत्येकाला केबल लॉक द्यावे, ठाण्यातच ते लावून दाखवायला सांगावे आणि मग शस्त्र हाती द्यावे. कुलपांचा खर्च परवानाधारकाकडून घ्यायलाही हरकत नाही. शस्त्र घेणाऱ्याला तो जड नाही.

तिसरी, सुरक्षा पुरवणाऱ्या संस्था आणि गोदाममालक यांना पाळी संपल्यावर शस्त्र ठेवायची कुलूपबंद जागा सक्तीची करावी आणि परराज्यातल्या परवान्यावर आलेल्या शस्त्रांची नोंद पोलीस ठाणेनिहाय पूर्ण करावी.

चौथी, आपल्या खात्यातले अधिकारीही शस्त्र घेऊन घरी जातात. पोलीस वसाहतीतल्या घरांनाही हाच नियम लावावा. वर्दीतल्या माणसाने स्वतःच्या घरी कुलूप लावले की गावाला सांगण्याचे त्याचे बळ वाढते.

पाचवी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरातली बंदूक कुठे असते आणि ती मुलांच्या हाताला लागते का, हे त्या घरातल्या बाईला पक्के माहीत असते. पण ती बोलत नाही. बोलली तर नवरा रागावेल, सासरे रागावतील, पोलीस घरात येतील, वस्तू विनापरवाना असेल तर कुटुंबच अडकेल. अशा बाईला विश्वासाने बोलता येईल अशी महिला अधिकारी प्रत्येक ठाण्यात नेमावी. परवान्याच्या चौकशीत पत्नीशी आणि आईशी वेगळे बोलावे. आणि कायद्याच्या चौकटीत राहून, बेकायदा कट्टा आपणहून आणून देणाऱ्यासाठी ठरावीक मुदतीची मोहीम घेता येईल का, याचा विचार करावा. कट्ट्याला परवाना नसतो, प्रशिक्षण नसते, त्याची घडणही भरवशाची नसते. लेकरांना सर्वाधिक धोका त्याच शस्त्राचा आहे आणि कोणतीही तपासणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. घरातली बाईच तिथे पोहोचू शकते.

गावातल्या माझ्या बहिणींनाही याच पत्रातून सांगते. मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला, मुक्कामाला पाठवताना आपण कुत्रा आहे का, गच्चीला कठडा आहे का, हे विचारतो. बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हेही विचारायला लाजू नये. विचारल्याचा राग ज्याला येईल त्याला येऊ द्या. आणि मुलांकडून एवढ्या चार गोष्टी पाठ करून घ्या : बंदूक दिसली तर थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्या माणसाला सांग. हे शिकवणे आपले काम. पण मूल विसरले तरी अनर्थ होऊ नये, एवढी तजवीज मोठ्यांनी आधी केलेली असली पाहिजे.

महोदय, सुरुवात एका ठाण्यापासून करता येईल. कोनगाव पोलीस ठाण्याच्या हद्दीतली परवान्याची शस्त्रे किती आणि कोणाकडे, ही यादी आपल्याकडे तयार आहे. एका महिन्यात त्या सगळ्या घरांना भेट होऊ शकते. शस्त्राचा जाणकार आपण पाठवलात तर शाळेच्या सभागृहात पालकांना गोळा करायची, केबल लॉक कसे लावायचे ते सगळ्यांसमोर करून दाखवायची जबाबदारी आम्ही शिक्षक घेतो. तारीख आपण कळवावी. ज्या घरांची पाहणी झाली त्यांची संख्या आणि ज्या घरांत कुलूप सापडले नाही त्यांची संख्या, नावे न देता, वर्षातून एकदा जाहीर करावी. पुढच्या वर्षी दुसरा आकडा खाली आला की या कामाचा उपयोग झाला, असे आम्हाला आणि आपल्यालाही कळेल.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
कोन (ता. भिवंडी, जि. ठाणे) येथील एक शिक्षिका